गोष्टीत नसलेलं घर

पोळा झाला आणि पाऊस जो पाठ फिरवून गेला, तो पुन्हा खैरबोडीकडे फिरकलाच नाही. ढग यायचे, दुपारभर तलावावर सावली धरून उभे राहायचे आणि संध्याकाळी जंगलावरून निघून जायचे. तलावाचं पाणी पाळीपासून, मातीच्या बांधापासून, मागं सरकलं. कडेचा चिखल आधी चकाकला, मग सुकला, मग त्याला पापडासारखे पोपडे आले. पाळीच्या एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला उतारावर गावभराच्या बांध्या, धानाची खाचरं. धान पोटरीत आलेलं, म्हणजे लोंबी अजून ताटाच्या आतच. आणि याच वेळी त्याला पाणी लागतं. पाळीतला तुडुम, पाणी सोडायचा दरवाजा, उघडला तर तलावाचं पाणी बांध्यांत जाईल आणि धान तरेल. पण तलावात मच्छीमार संस्थेनं सोडलेलं माशांचं बीज होतं, अजून हाताच्या पंज्याएवढंही न झालेलं. पाणी गेलं तर तेही गेलं. गावात एवढीच गोष्ट चालू होती, आणि ज्याच्या त्याच्या ओट्यावर ती वेगळी होती.

आसाराम रोज पहाटे तुडुमाजवळच्या पायऱ्या उतरून पाणी बघायचा. त्या दिवशी परत आला तो थेट जाळ्यापाशी बसला.

"आणखी एक पायरी उघडी पडली का, बाबा?" ज्योत्सनानं विचारलं. ती आईशेजारी पाट्यावर मासे साफ करत होती. सखाबाईला सात वाजताच्या बसनं साकोलीच्या बाजारात जायचं होतं, आणि ज्योत्सनाला त्याच बसनं कॉलेजला.

"पडली तं पडली. पायरी उघडी पडल्यानं मासा मरत नाही," आसाराम म्हणाला. "मानूस मारते. तो ताराचंद ग्रामसभा लावून राहिला म्हन्ते. तुडुम खोलायसाठी."

"त्याचं धान वाळून राहिलं असन," सखाबाई बोलली.

"मंग आमचे मासे का झाडाले लागते?"

ज्योत्सनानं हात राखेनं घासले, मग लिंबाच्या पाल्यानं, मग साबणानं. तरी बसमध्ये खिडकीशी बसली की बोटं नाकाशी नेऊन बघायची. बत्तीस वर्षांची झाली होती ती. इंग्रजी घेऊन एम. ए. केलेली ती गावातली धिवरांची, म्हणजे मासेमारांची, एकटी मुलगी. रस्त्यावरच्या मोठ्या गावात कनिष्ठ महाविद्यालय होतं, तिथं ती अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायची, पण तासिका तत्त्वावर. दरवर्षी जूनमध्ये नवी ऑर्डर निघायची, निघेपर्यंत जीव टांगणीला. स्टाफरूममध्ये तिच्या खुर्चीजवळची खिडकी कोणी ना कोणी उघडून ठेवायचं. कोणी काही बोलायचं नाही. नुसती खिडकी उघडायचं.

त्या आठवड्यात प्राचार्य केवळराम सरांनी तिला बोलावलं. टेबलासमोर भंडाऱ्याचा पुस्तकवाला भुपेंद्र बसला होता, आणि टेबलावर गाईडांचा ढीग.

"मॅडम, कॉलेजच्या समितीनं इंग्रजीसाठी साहित्य घ्यायचं ठरवलं आहे," सर म्हणाले. "निकाल तुम्हाला माहीत आहे. काय घ्यायचं ते तुम्ही सांगा."

"सांगायचं काय, मॅडम," भुपेंद्र हसत म्हणाला, "हा प्रश्नसंच पोरांच्या हाती द्या. उत्तरं पाठ केली की झालं. समजायची गरजच नाही."

"तेच तर," ज्योत्सना म्हणाली. "सर, ही मुलं पाठ करतात आणि परीक्षेत एक शब्द हुकला की सगळंच हुकतं. त्यांना वाचायला सोप्या गोष्टी हव्यात. पाठ्यपुस्तकाबाहेरच्या. त्यांना स्वतःहून वाचाव्याशा वाटतील अशा."

"अशा गोष्टी असतात का इंग्रजीत?" सरांनी खरंच विचारलं.

"शोधाव्या लागतील."

केवळराम सर सरळ माणूस होते, पण समितीच्या सभासदांना घाबरून असायचे. विचार करून म्हणाले, "दिवाळीपर्यंत आठवड्याचा एक तास घ्या. झेरॉक्सवर चालवा. मुलं वाचायला लागली तर तुमची पुस्तकं मागवू. पण तक्रार नको."

रविवारी ती भंडाऱ्याला गेली. वाचनालयात इंग्रजीचं एक कपाट होतं, त्यापुढे फरशीवरच बसली. एक पुस्तक काढायची, दोन पानं वाचायची, परत ठेवायची. कशात बर्फ पडत होता, कशात लोक बागेत चहा पीत होते. भाषा सुंदर होती, पण आपल्या वर्गातला पहिल्या बाकावरचा मुलगा यातल्या कोणत्या घराचं दार ढकलून आत जाईल, ते तिला दिसेना. सोपी म्हणून काढलेली पुस्तकं लहान मुलांची निघत. त्यांतला बोलका ससा मिशा फुटलेल्या पोरांपुढे कसा ठेवायचा? दुपार कलल्यावर हाती एक पातळ पुस्तक आलं. कुठल्याशा दूरदेशीची गोष्ट. एक म्हातारा कोळी, त्याचं तळं, आणि तळ्याचा बांध फोडून पाणी शेतात नेणारे शेतकरी. चिखलात तडफडणारे मासे, त्यांचे उघडझाप करणारे कल्ले. वाचता वाचता ज्योत्सना उठून उभी राहिली. तिनं उभ्या उभ्याच ते परत वाचलं आणि तडक झेरॉक्सच्या दुकानात गेली.

अकरावीच्या वर्गात पहिल्यांदा असं झालं की तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही. चंद्रकुमार खैरबोडीचाच, तिच्या मोहल्ल्यातला. जूनपासून इंग्रजीच्या तासाला तो मान खाली घालून बसायचा. 'गिल्स' हा शब्द आला तसा तो उभाच राहिला.

"मॅडम, हे म्हणजे कल्ले! मासा पाण्याबाहेर काढला का आधी हे लाल असते, मंग पांढरे पडते."

"इंग्रजीत सांग."

"फर्स्ट रेड. देन व्हाइट." तो अडखळला, मग घाईनं म्हणाला, "देन डेड."

वर्ग हसला नाही. पुढं गोष्टीत एक वाक्य होतं: शेतकरी चोरांसारखे आले. चंद्रकुमारनं ते वाचलं, मोठ्यानं, छाती काढून. मागच्या बाकांवरून दोघातिघांनी ते पुन्हा म्हटलं. "लाइक थीव्हज! लाइक थीव्हज!"

तास सुटल्यावर डिंपल टेबलाशी आली. ती ताराचंदची मुलगी. ताराचंद खैरबोडीचा मोठा धानवाला, आणि कॉलेजच्या समितीवरही होता. डिंपल झेरॉक्सची पानं दुमडत, उलगडत उभी राहिली.

"मॅडम, एक विचारू? या गोष्टीत म्हाताऱ्याचं घर हाये, त्याची बायको हाये, नातू हाये. पण धानवाल्याच्या घरात कोनीच जात नाही. त्याईले घर नाही का?"

ज्योत्सनानं टेबलावरची पानं गोळा केली. "गोष्ट म्हाताऱ्याची आहे ना," ती म्हणाली. डिंपलनं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

दोन दिवसांत ते वाक्य गावात पोहोचलं. इंग्रजी न येणाऱ्या पोरांनाही ते पाठ झालं. पानठेल्यावर बसलेली धिवरांची पोरं ताराचंदची मोटरसायकल दिसली की ओरडायची, "लाइक थीव्हज!" आणि दात काढायची. ज्योत्सनाचा भाऊ मुन्नाही त्यांत होता. घरी जेवताना त्यानं तोच सूर काढला तसा आसाराम कितीतरी दिवसांनी हसला.

"काय म्हन्ते ते?"

"चोरासारखे आले म्हन्ते, बाबा. बाईनं शिकवलं. पुस्तकात लिवून हाये."

"बरोबर लिवलं!" आसाराम मांडी ठोकून म्हणाला. "इंग्रजीत लिवून हाये म्हन्जे खरंच असन. अस्सं वाचत जा त्याईच्या पोराईपुढं, ज्योत्सना. कागद आपल्या बाजूनं कधी बोलला होता?"

ज्योत्सनानं भाकरीचा घास मोडला आणि तसाच ताटात ठेवला. बापाला हसताना बघून तिला बरं वाटायला हवं होतं.

शुक्रवारी शिपाई बोलवायला आला. ऑफिसात ताराचंद उभा होता, सरांनी दिलेल्या खुर्चीवर न बसता. पायात चपला, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. हातात धानाचं एक ताट होतं, मुळासकट उपटलेलं.

"मॅडम, नमस्कार," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "माही पोरगी तुमच्याजवळ शिकते. चांगलं शिकवता म्हनून सांगते. पन तुमच्या घरचा तलाव शाळेत कायले आनता?"

"ताराचंदभाऊ, ती एक गोष्ट आहे. दुसऱ्या देशातली."

"देश दुसरा असन. चोर मले म्हनून राहिले." त्यानं अंगठ्याच्या नखानं ताट उभं चिरलं. आतली लोंबी कोवळी, फिकट, टोकाला करपल्यासारखी. ती त्यानं सरांच्या टेबलावर, प्रश्नसंचावर ठेवली. "हे पाहा. हे चोरीचं हाये का?"

पंखा फिरत होता. ताराचंदनं हात जोडले आणि निघून गेला.

"मॅडम, मी म्हटलं होतं, तक्रार नको," केवळराम सर हळूच म्हणाले. "ती गोष्ट बंद करा. समितीत मी गाईडांचंच ठेवतो. तुमची पुढच्या वर्षीची ऑर्डरही त्यांच्याच हातात आहे, हे मी सांगायला नको."

बसमध्ये ती खिडकीशी बसली, पण बोटं नाकाशी नेली नाहीत. वाचनालयातली ती दुपार तिला परत परत आठवत होती. इतकी पुस्तकं चाळली, आणि नेमकं तेच का उचललं? मुलांना कळेल म्हणून, हे खरं होतं. पण उभ्या उभ्या दुसऱ्यांदा वाचलं ते मुलांसाठी नव्हतं. तेव्हा ती आसारामची मुलगी होती, आणि त्या पानावर कोणीतरी तिच्या बापाची बाजू घेत होतं. ते गोड लागलं. बाईनं वर्गासाठी पुस्तक निवडायचं की घरासाठी? आणि घरासाठी निवडलेलं वर्गाला चालतच नाही, असंही कुठं आहे? चंद्रकुमार तोंड उघडून बोलला, ते खोटं होतं का? बस एकोडीच्या फाट्यावर थांबली, माणसं चढली-उतरली. तिचं कशाकडे लक्ष नव्हतं.

सोमवारी डिंपल कॉलेजात आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी सुट्टी होती, तशी ज्योत्सना सकाळीच पाळ ओलांडून बांध्यांकडे निघाली. या उताराला ती लहानपणानंतर उतरलीच नव्हती. बांधीतली माती भेगाळली होती. भेगांत धानाची मुळं पांढऱ्या दोऱ्यांसारखी लोंबत होती. विहिरीवरची मोटर हवा ओढत खरखरत होती, म्हणून ती बंद करून ताराचंद दोरानं बादल्या शेंदत होता. बादली ओतून घ्यायला त्याची बायको सुशीलाबाई, आणि भरलेला गुंड, म्हणजे घागर, डोक्यावर घेऊन बांधीपर्यंत न्यायला डिंपल.

ताराचंदनं तिला पाहिलं. दोर थांबला नाही.

"डिंपल दोन दिवस आली नाही म्हणून," ज्योत्सना म्हणाली.

"दिसते ना काहून आली नाही," तो म्हणाला.

ज्योत्सनानं ओढणी कमरेला बांधली, चपला धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, काढल्या आणि रिकामा गुंड उचलला. सुशीलाबाई नको-नको म्हणाली, पण गुंड तिच्या हातून काढून घेतला नाही. तिघी सकाळभर पाणी वाहत राहिल्या. ओतलेलं पाणी भेगांत फुस्स करून जायचं, जणू कोणी प्यालंच नाही. ज्योत्सनाच्या मानेत कळ आली, टाचेला ढेकूळ लागून रक्त आलं. जाळं ओढायची सवय असलेले हात होते, पण या कामाच्या नसा वेगळ्या होत्या.

"एवढ्या बांधीले गुंडानं काय होते, काकू?" तिनं न राहवून विचारलं.

"बांधीले काही होत नाही," सुशीलाबाई पदरानं घाम पुसत म्हणाली. "आपल्याले होते. धान पोटुशी हाये, बाई. पोटुशी बाई दारात तहानेली उभी हाये आन आपन घरात बसलो, असं होते का? एक कोपरा तं एक कोपरा."

दुपारी सगळे मोहाच्या सावलीत बसले. सुशीलाबाईनं भाकर आणि जवसाची चटणी पुढं केली. ताराचंद जरा दूर, पाठ करून बसला होता.

"मॅडम," डिंपल म्हणाली, "पोटुशी धानाले इंग्रजीत काय म्हन्ते?"

"मला येत नाही गं. शोधावं लागेल."

"तुमच्या गोष्टीत हे नव्हतं."

"नव्हतं," ज्योत्सना म्हणाली. "तू लिही."

"मले कुठं इंग्रजी येते!"

"चंद्रकुमारला कुठं येत होती? जशी येईल तशी लिही. त्याच गोष्टीतलं घर लिही. ज्या घरात कोणी गेलं नाही ते."

ताराचंदची पाठ हलली, पण तो वळला नाही.

ज्योत्सनानं सरांना सांगितलं की मी ती गोष्ट बंद करणार नाही; पण तिच्या शेजारी आणखी एक पान ठेवून शेवटचा तास घेईन, मग समितीनं काय ते ठरवावं. आणि तो तास ऐकायला ताराचंदभाऊंना बोलवा. सरांनी कपाळाला हात लावला, पण निरोप पाठवला.

तासाला ताराचंद आला आणि वर्गात न येता व्हरांड्यात खिडकीपाशी उभा राहिला. केवळराम सरही मग त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. ज्योत्सनानं डिंपलच्या हातात कोळ्याची गोष्ट दिली आणि डिंपलनं लिहिलेलं पान चंद्रकुमारच्या हातात. चंद्रकुमारनं नाक फुगवलं.

"मी काहून हे वाचू, मॅडम?"

"तिनं लिहिलं आहे म्हणून."

आधी डिंपलनं वाचलं. मासे तडफडतात तिथं तिचा आवाज बारीक झाला, पण थांबली नाही. चोरांचं वाक्य आलं. डिंपलनं तेही वाचलं, स्पष्ट, एक अक्षर न खाता.

खिडकीबाहेर ताराचंदनं सरांना विचारलं, "काय म्हनून राहिली पोरगी?"

"मासे मेले म्हणते," सर कुजबुजले. "म्हातारा त्यांना हातानं पाणी घालतो. ओंजळीनं."

मग चंद्रकुमार उठला. व्याकरण नव्हतंच त्या पानात. माझी आई सकाळी पाणी पीत नाही, म्हणते आधी धानाला. माझे बाबा रात्री बांधावर बसतात आणि कोणाशी बोलत नाहीत. राइस इज प्रेग्नंट, असं एक वाक्य आलं तशी मागची पोरं खिदळली. चंद्रकुमारनं मान वर करून त्यांच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली. पुढं एका शब्दाला तो अडला. डिंपलनं जागेवरून सांगितला. शेवटी लिहिलं होतं: माझे बाबा दिवसा गेले. त्यांनी आवाज दिला. कोणी दार उघडलं नाही.

"खरंच आल्ते का आवाज द्यायले?" चंद्रकुमारनं पान खाली करत मराठीतच विचारलं.

"तुह्याच घरी आल्ते," डिंपल म्हणाली. "संस्थेचा अध्यक्ष तुहा बाप ना?"

चंद्रकुमार बसला. बाहेर केवळराम सर भराभर अर्थ सांगत होते. ताराचंद खिडकीचा गज धरून ऐकत होता. घंटा झाली तेव्हा तो तिथं नव्हता.

समितीनं बारावीसाठी गाईडं घेतली. गोष्टींच्या पुस्तकांचं नाव कोणी काढलं नाही. पण अकरावीचा तो तास मॅडमकडेच राहू द्या, असं ताराचंद म्हणाला, आणि त्यावर कोणी वाद घातला नाही. पुढं काय वाचायचं यावर आता वर्गातच भांडण लागायचं. पोरं म्हणायची भुताची गोष्ट, पोरी म्हणायच्या एका बसमध्ये बसून पळून गेलेल्या मुलीची. ज्योत्सना दोन्ही शोधत होती.

ग्रामसभेत दोन्हीकडचे लोक ओरडले, एकदा काठ्याही उचलल्या गेल्या. शेवटी तुडुम उघडायचा ठरला, पण तळाच्या पायरीपर्यंत पाणी ठेवून; आणि त्याआधी संस्थेनं जमतील तेवढे मासे काढून घ्यायचे. अर्धं धान तरणार होतं, अर्धे मासे. कोणीच खूश नव्हतं.

मासे काढायच्या दिवशी ज्योत्सना बाप आणि भावाबरोबर छातीभर पाण्यात उतरली. चिखल पायांच्या बोटांतून वर यायचा. जाळं जड लागायचं, पण काठावर ओढलं की त्यात चमकणारी बारकी रोहू नि कतला, विकायला काढावी अशी एकही नाही. सखाबाई त्यांच्याकडे बघून तोंड फिरवत टोपल्या भरत होती. बाजारात यांचं काही यायचं नव्हतं.

दुपारी काठावर बसून आसाराम जाळ्यातलं गवत वेचत होता. पाळीपलीकडून पाण्याचा आवाज येऊ लागला होता. तुडुम उघडला होता. तो ऐकत राहिला.

"त्या ताराचंदच्या पोरीनं काय लिवलं म्हन्ते?" त्यानं विचारलं. "मुन्ना सांगून राहिला होता."

ज्योत्सनानं सांगितलं. सगळं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या दारापर्यंत, मराठीत. आसाराम जाळ्यात अडकलेला एक मासा सोडवत होता, तो सुटल्यावरही हातातच राहिला.

"आन आपलं कोन लिवन आता?" तो म्हणाला. "हे आजचं?"

"चंद्रकुमार लिहून राहिला."

आसारामनं तळहातावरचा मासा तिच्यापुढं धरला. त्याच्या रुंद, भेगाळलेल्या हातात तो बोटापेक्षा थोडा मोठा होता.

"मंग त्याले सांगजो," तो म्हणाला, "एवढा होता म्हना. मोठा करून लिवू नोको."